विशाखाबाई सायकलमार्ग काढतात

मुलीनं सकाळी शाळेत यावं आणि संध्याकाळी आली तशीच, म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही चाकं शाबूत ठेवून घरी जावं, एवढीच विशाखाबाईंची अपेक्षा होती. ह्यात कुणी चिडावं, मोर्चा आणावा किंवा रातोरात डाळिंबाची रोपं लावावीत असं काय होतं, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

विशाखा साळवे जांभुळखेड्याच्या शाळेत भूगोल शिकवतात. जांभुळखेडा म्हणजे संभाजीनगरपासून तासाभरावर, फुलंब्रीच्या अंगाला. चार वर्षांपूर्वी तिथं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. फरक एवढाच पडला, की आधी खेड्यात खड्डे होते, आता शहरात खड्डे आहेत. गावातून मोठा रस्ता एकच, आणि डिसेंबर उजाडला की त्याच्यावर उसाचं राज्य सुरू होतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हात-हात बाहेर लोंबणारा ऊस, ड्रायव्हरच्या कानाशी कर्णा लावल्यासारखं गाणं, आणि मागच्या-पुढच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

अशाच एका ट्रॉलीच्या उसात नववीतल्या श्रेयाचं दप्तर अडकलं. ट्रॅक्टरवाल्याला पत्ता नाही. सायकल एकीकडं, श्रेया नालीत आणि दप्तर साखर कारखान्याला रवाना. पोरीचा डावा हात मोडला.

तिसऱ्या दिवशी श्रेयाची आजी, कोल्हेवस्तीवरची कडूबाई, शाळेत आली. ती तक्रार करणार म्हणून विशाखाबाई पेन उघडून तयारच बसल्या होत्या. पण कडूबाईनं टेबलाशी उभं राहून एकच वाक्य टाकलं.

"पोरीचा दाखला काढून द्या."

"कुठल्या शाळेत घालताय?"

"कुठल्याबी नाय. घरी बसवते. मोडका हात जुळतोय बाई, मोडकी मान नाय जुळत."

"आजी, ती वर्गात पहिल्या पाचात आहे!"

"व्हय, पर ट्रॅक्टरवाल्याला ते ठावं नाय ना."

ह्याला उत्तर नव्हतं. आणि उत्तर नसलं की विशाखाबाईंना राग येतो, आणि राग आला की त्या वचन देऊन बसतात. हा त्यांचा जुना आजार. "पंधरा दिवस द्या मला," त्या म्हणाल्या. "कोल्हेवस्तीपासून शाळेपर्यंत सायकलचा सुरक्षित रस्ता काढून देते. नाही काढला तर दाखला मी स्वतः घरी आणून देईन."

कडूबाईनं त्यांना खालून वर एकदा न्याहाळलं आणि "बरं" म्हणून ती गेली. पलीकडच्या खुर्चीत मुख्याध्यापक हे सगळं ऐकत होते. ते मायेनं म्हणाले, "मॅडम, रस्ता काढणं आपल्या कामात येत नाही. आपल्या कामात जनगणना येते, मतदार याद्या येतात, खिचडीची चव घेणं येतं. रस्ता आला असता तर परिपत्रक आलं असतं."

पण विशाखाबाईंच्या डोक्यात रस्ता शिरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात गावाचा मोठा नकाशा फळ्यावर लावला. शाळेत एक्केचाळीस मुली सायकलनं येतात, चार वस्त्यांवरून. त्या सगळ्यांना बोलावून लाल खडू हातात दिला आणि सांगितलं, जिथं भीती वाटते तिथं ठिपका द्या. श्रेया घरीच होती, तिचे ठिपके तिला विचारून आलेल्या मैत्रिणीनं दिले. त्यांना वाटलं होतं उसाच्या वळणावर चार-पाच ठिपके पडतील. ते पडलेच. पण देशी दारूच्या दुकानासमोर इतके पडले, की तिथला कागद खडूनं जाड झाला. एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही तिथून येतच नाय. दोन किलोमीटर वळसा घालतो." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दुकान हललं नसतं, शाळा सुटली असती, एवढा हिशेब पोरींना पक्का कळत होता.

सोळा वर्षं ह्या गावात भूगोल शिकवणाऱ्या बाईंना गावाचा हा भूगोल माहीत नव्हता. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला.

घरी मात्र सल्ल्यांचा सुकाळ. समोरच्या मनकर्णाबाई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सायकली पाहिजेतच कशाला? पायी यावं पोरींनी. आम्ही काय सायकलीवर गेलो शाळेत?"

"तुम्ही शाळेत गेला होता?"

"नाय. पर गेले असते तर पायीच गेले असते."

विशाखाबाईंचे यजमान अभयराव वाळूजच्या कंपनीत कामाला आहेत. रोज बसमध्ये अडीच तास घालवल्यानं त्यांना रस्ता ह्या विषयात कसलीच आशा उरलेली नाही. त्यांनी सल्ला दिला नाही, नुसता सुस्कारा सोडला. पण सल्ला देण्याचं खरं काम केलं शेजारच्या सांडूभाऊंनी. सांडूभाऊ निकम म्हणजे निवृत्त तलाठी. पेन्शन सुरू झाली तरी त्यांचा सफारी आणि काखेतली पिशवी सुटलेली नाही.

"मॅडम," ते खुर्ची ओढत म्हणाले, "रस्ता तीन जातीचा असतो. एक नकाशातला, एक जमिनीवरचा आणि एक कोर्टातला. तुम्हाला कुठला पाहिजे?"

"सायकल चालेल असा."

"मग तो चौथा झाला." त्यांनी विचार केला. "पण एक आहे. निजामाच्या टायमाची गाडीवाट. कोल्हेवस्तीच्या मागून निघती, बांधाबांधानं येती आणि तुमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागती. बाकीच्या तीन वस्त्यांच्या वाटाबी तिलाच येऊन मिळतात. ऊस नाय, दुकान नाय, काय नाय. फक्त मोजावी लागंल."

इथं विशाखाबाईंनी हात जोडून 'नको' म्हणायला हवं होतं. त्यांनी चहा ठेवला.

रविवारी सकाळी खेळाच्या खोलीतली तीस मीटरची टेप आणि मैदान आखायची फक्की घेऊन दोघं निघाले. आता, भूगोलाची बाई बांधावर टेप धरून उभी राहिली असती तर लोकांनी हसून सोडून दिलं असतं. पण टेपचं दुसरं टोक सांडूभाऊंच्या हातात होतं. ज्या माणसानं बत्तीस वर्षं टेप धरली आणि जिथं धरली तिथं भाऊबंदकी उभी राहिली, तो माणूस पुन्हा सफारी घालून बांधावर दिसला, म्हटल्यावर गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

दुपारपर्यंत बातमी होती, की गावाबाहेरून रस्ता निघणार. संध्याकाळी तो चौपदरी झाला. सोमवारी सकाळी दूधवाल्यानं विशाखाबाईंनाच विचारलं, "बाई, सहापदरी म्हणतेत, त्यात आमची विहीर जाती का?" बुधवारी त्या गाडीवाटेनं चक्कर मारायला गेल्या तर जिथं परवापर्यंत कुसळं होती तिथं डाळिंबाची रोपं ओळीनं उभी. मोबदला फळबागेचा मिळावा म्हणून. एकानं पत्र्याचं शेड ठोकलं होतं आणि त्यावर 'कुक्कुटपालन केंद्र' असा बोर्ड. आत कोंबडी एकच होती, तीही शेजाऱ्याची. आणि वाटेच्या मधोमध, कोल्हेवस्तीच्या तोंडाशी, कुणीतरी बाभळीच्या काट्या टाकून रस्ता पार बंद केला होता. आधी निदान वाट होती. विशाखाबाईंनी मोजल्यावर तीही उरली नाही.

गुरुवारी घरी मोर्चा आला. मोर्चा म्हणजे अकरा दुकानदार, पुढं हॉटेलवाले पुंजाराम. त्यांचा ओटा रस्त्यात सहा फूट आलेला, आणि रविवारी गाडीवाट झाल्यावर सांडूभाऊंच्या आग्रहानं बाजारपेठेतला रस्ताही मोजला, तेव्हा विशाखाबाईंनी त्याच ओट्यावर फक्कीची रेघ मारली होती.

"बाई, आमच्या पोटावर फक्की मारली तुम्ही," पुंजाराम म्हणाले.

"ओट्यावर मारली. ओटा रस्त्यावर आहे."

"ओटा आधीचा हाय. रस्ता मागून आला."

"अहो, रस्ता निजामाच्या काळातला आहे!"

"मग निजामानं विचारावं आम्हाला. तुम्ही कशाला?"

मागून कुणीतरी "लई शाणपणा झाला" असंही म्हणालं. ह्यातल्या सात जणांच्या मुलींना त्यांनी नकाशा वाचायला शिकवला होता. दोघींचे ठिपके फळ्यावर होते. बाप दारात उभा राहून ओट्याबद्दल भांडत होता आणि पोरीनं कुठं ठिपका दिलाय ते बाईंना माहीत होतं, पण बोलता येत नव्हतं. बोललं असतं तर पोरगी घरी बसली असती. त्या नुसत्या "या आता" म्हणाल्या आणि दार लावलं. दार जरा जोरात लागलं. त्याचीही नंतर गावात चर्चा झाली.

अभयराव म्हणाले, "पुढच्या वेळी तू नदीजोड प्रकल्प घे. त्यात निदान नुसतं पाणीच विरोधात जातं."

आता सरकारी बाजू. विशाखाबाईंनी पहिल्याच आठवड्यात नगरपंचायतीत रीतसर अर्ज दिला होता, सोबत नकाशाची नक्कल, मुलींच्या सह्या आणि वस्त्यांची अंतरं. मुख्याधिकाऱ्यांकडं तीन गावांचा कारभार, त्यामुळं ते ह्या गावात फक्त गुरुवारी असतात आणि गुरुवारी बैठकीत असतात. आठ दिवसांनी उत्तर आलं. पाकीट जाड होतं म्हणून बाईंना आनंद झाला. उत्तर मासेमारीच्या खात्याकडून होतं. त्यात नम्रपणे कळवलं होतं, की जाळे हे केवळ नोंदणीकृत मच्छीमार संस्थेच्या सभासदास देय असून आपण सभासद असल्याचा पुरावा जोडलेला नाही. तसेच तलावाचे नाव नमूद करावे.

विशाखाबाई ते पत्र घेऊन नगरपंचायतीत शिरल्या. आवक-जावकच्या टेबलावर ऋतुराज नावाचे लिपिक बसतात.

"हे काय आहे?"

ऋतुराजनी पत्र वाचलं. "बरोबर आहे मॅडम. तुमचा विषय बघा. 'विद्यार्थिनींसाठी सुरक्षित सायकल मार्गांचे जाळे'. जाळे आलं, मी तिकडं पाठवलं."

"त्याच्या आधी 'सायकल मार्गांचे' लिहिलंय!"

"ते आधी आहे ना मॅडम. माझ्याकडं नऊ टेबलांचं काम आणि खुर्ची एक. मी शेवटचा शब्द बघतो. शेवटच्या शब्दावर खातं ठरतं."

"मग आता दुरुस्त करा."

"करतो की. पण सायकलला खातं नाही आपल्याकडं. बांधकामात टाकू, आरोग्यात टाकू, का क्रीडेत? आणि मोठा रस्ता आपला नाही, तो संभाजीनगरच्या ऑफिसचा. तिथं ते विचारतील, सायकलींची रोजची गणना केली का. गणना कोण करणार?"

"कोण?"

"शिक्षक," ऋतुराज अगदी निरागसपणे म्हणाले.

विशाखाबाई तिथं जे बोलल्या ते भूगोलात बसत नाही. आवाज एवढा चढला, की आतल्या खोलीतून नगराध्यक्ष स्वतः बाहेर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, नकाशा हातात घेतला, उलटा धरला आणि म्हणाले, "बाई, एवढंच ना? शनिवारी करून टाकू."

आणि शनिवारी खरोखर केलं. 'जांभुळखेडा सायकल मार्ग : भव्य उद्घाटन सोहळा'. बॅनरवर चौदा फोटो होते, त्यांत एक नगराध्यक्षांच्या नातवाचा. विशाखाबाईंचा नव्हता, पण खाली बारीक अक्षरात 'विशेष सहकार्य : श्री. विशाख साळवे' असं छापलं होतं. मार्ग म्हणजे डांबरावर मारलेला हिरवा पट्टा. लांबी नव्वद मीटर. सुरुवात नगरपंचायतीच्या फाटकापाशी, शेवट नगराध्यक्षांच्या बंगल्याच्या फाटकापाशी. नगराध्यक्षांना सायकल येत नसल्यामुळं ती स्टँडवर लावली होती. त्यांनी तिच्यावर बसून पायडल मारलं, मागचं चाक हवेत गरगर फिरलं, फोटो निघाले, टाळ्या झाल्या.

मग सत्कार म्हणून विशाखाबाईंच्या हातात नारळ देण्यात आला. बोलायला सांगितलेलं नव्हतं. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि माईक घेतला.

"माझ्या शाळेत एक्केचाळीस मुली सायकलनं येतात," त्या म्हणाल्या. "त्यांतल्या एकीचंही घर ह्या बंगल्यासमोर नाही. एक मुलगी मोडका हात घेऊन घरात बसलीय. तिची शाळा सुटायला दोन दिवस राहिलेत. हे हिरवं कशासाठी रंगवलंय?"

मग नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "बाईंनी फार सुंदर विचार मांडले." दुपारी पट्ट्यावर पाणीपुरीची गाडी लागली, संध्याकाळपर्यंत दोन जीपा आणि एक टेम्पो. विशाखाबाई नारळ न घेता घरी आल्या. तो मागून ऋतुराजनी आणून दिला, पोच घेऊन.

पंधरावा दिवस सोमवारी भरला. त्यांनी मुख्याध्यापकांकडून दाखला घेतला, नकाशाची गुंडाळी घेतली आणि त्या कोल्हेवस्तीकडं निघाल्या. दिलेला शब्द मोडला तर निदान स्वतःच्या तोंडानं सांगावं, एवढी एकच इज्जत शिल्लक होती. स्कूटर काट्यांपाशी थांबली. पलीकडं कडूबाई कापूस वेचत होती. त्या बाभळीच्या काट्या तिनंच टाकल्या होत्या, हे बाईंना तेव्हा कळलं.

"आजी, ह्या तुम्ही टाकल्यात?"

"मग काय तर! माझं दीड एकर हाय. तुम्ही त्या निकम्याला घेऊन टेप फिरवली. वावर गेल्यावर पोरीला शिकवून काय करू, नकाशा दाखवीत बसू?"

"कुणी वावर घेत नव्हतं."

"सगळे असंच म्हणतेत. मंग मोजतेत."

विशाखाबाई बांधावर बसल्या. भांडायची ताकद नव्हती. त्यांनी दाखला काढून कडूबाईसमोर धरला. "हा घ्या. मला नाही जमलं. लोक ओट्यासाठी भांडले, ऑफिसनं मासे पकडायला लावले, साहेबांनी स्वतःच्या दारापुढं रंग मारला. जमलं नाही."

कडूबाईनं दाखला घेतला नाही. तिची नजर गुंडाळीवर होती. "ते काय?"

बाईंनी नकाशा बांधावर पसरला आणि चार कोपऱ्यांना ढेकळं ठेवली. कडूबाई खाली बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण रंग कळत होता.

"हे तांबडं काय हाय?"

"जिथं पोरींना भीती वाटते ती जागा. त्यांनीच दाखवलीय."

कडूबाईचं बोट फिरत फिरत मोठ्या रस्त्यावरच्या त्या जाड लाल डागावर थांबलं. "हितं लईच दिसतंय."

"दारूचं दुकान."

"श्रेयानं बी दिला?"

बाईंनी सरकलेलं ढेकूळ परत कोपऱ्यावर ठेवलं. कडूबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती समजली. ती त्या डागावर बोट ठेवून बसली, जणू उचललं तर आणखी काही दिसेल.

"मला कधी बोलली नाय," ती म्हणाली. मग बोट न उचलता तिनं विचारलं, "आन माझं वावर कुठंय?"

"हे इथं."

"हितं तर एकबी तांबडं नाय."

"नाही, आजी. सगळ्या नकाशात एवढीच वाट मोकळी आहे."

कडूबाई उठली. पदर खोचला, विळा घेतला आणि काट्या ओढायला लागली. विशाखाबाई मदतीला धावल्या तर म्हणाली, "तुम्ही हात लावू नका, तुमचा हात लागला की कागद येतो." आणि ओढता ओढता अटी सांगितल्या. अर्ज नाय, बोर्ड नाय, रंग नाय, टेप नाय. निकम्या दिसला तर कुत्रं सोडीन. पुढच्या वावरातल्या सत्यभामेशी तीच बोलली, सत्यभामा डाळिंबवाल्याच्या बायकोशी. काय बोलल्या हे कुणालाच कळलं नाही, पण बुधवारपर्यंत डाळिंबाची एक ओळ वाटेतून उपटून आत सरकली आणि 'कुक्कुटपालन केंद्रा'ची कोंबडी मूळ मालकाकडं गेली. ज्या गोष्टीला पंधरा दिवसांत एकही खातं सापडलं नाही, ती तीन बायकांनी कापूस वेचता वेचता मिटवली.

गुरुवारी सकाळी पोरींची रांग बांधावरून निघाली. सर्वांत पुढं श्रेया, गळ्यात हात बांधलेला, मैत्रिणीच्या मागं कॅरिअरवर बसलेली. कोल्हेवस्तीपाशी स्कूटर लावून विशाखाबाईंनी ती रांग डोळे भरून पाहिली. शेवटची सायकल गेली तशी त्यांनी स्कूटर सुरू केली आणि वाटेवर घातली. आपण काढलेल्या रस्त्यानं एकदा तरी शाळेत जावं, एवढा मोह कुणालाही होईल.

पुढ्यात काठी आडवी आली.

"तुम्ही नाय," कडूबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"पोरी जातील. तुम्ही रोडनं जा."

"आजी, हा रस्ता मी काढलाय!"

"म्हणूनच म्हणते. तुम्ही आलात की गाव म्हणंल मोजणी आली. उद्या परत डाळिंब. जा बाई, उशीर व्हईल."

विशाखाबाईंनी समजावलं, रागावल्या, शेवटी अगदी विनवलंसुद्धा. काठी हलली नाही. मग त्यांनी स्कूटर वळवली आणि मोठ्या रस्त्याला लागल्या. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, ओव्हरटेकला जागा नाही, तोंडावर पाचोळा आणि धूळ, दुकानासमोर खोळंबा. मनात त्या कडूबाईशी, नगराध्यक्षांशी आणि मासेमारीच्या खात्याशी एकाच वेळी भांडत होत्या, आणि तिघांनाही चांगलंच सुनावत होत्या.

शाळेत पोचल्या तेव्हा प्रार्थना संपली होती. चाळीस सायकली भिंतीशी ओळीनं उभ्या. मुख्याध्यापकांनी उशिराचं रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, वेळ, सही. कारणाच्या रकान्यापाशी विशाखाबाईंचं पेन थांबलं. त्यांनी केसांतलं उसाचं पाचट काढून टेबलावर ठेवलं आणि रकान्यात रागारागानं, ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'सुरक्षित रस्ता झालेला आहे. मला त्यावरून येऊ दिले नाही.'